बाबा आमटे : सरकारला आनंदवनातले बाबा हवे होते, नर्मदेवरचे नको

वणीहून वरोऱ्याकडे निघालं की पाटाळ्याला वर्धा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपतो आणि चंद्रपूर सुरू होतो. पुढे थोड्या अंतरावर वरोरा आणि वरोऱ्याला खेटून आनंदवन. वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे जाऊन आल्यात. त्यामुळे या पट्ट्यातल्या माणसाला बाबा आमटे कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. कुष्ठरोग्यांची सेवा करणारे, पांढरी बंडी घालणारे, खूप पुरस्कार मिळालेले बाबा.

पण यातले दोन पुरस्कार त्यांनी सरकारला परत केले होते, हे किती जणांना माहिती असतं?

२०१५ साली देशभरातल्या लेखकांनी पुरस्कार परत करायला सुरुवात केली आणि टीव्हीवर 'पुरस्कार वापसी' हा शब्द रोज ऐकू येऊ लागला. बाबांनी हे त्याच्या २४ वर्षं आधी केलं होतं. १९७१ ची पद्मश्री आणि १९८६ चं पद्मविभूषण, दोन्ही १९९१ साली परत. कारण होतं नर्मदा. गंमत म्हणजे ज्या वर्षी त्यांनी हे पुरस्कार परत केले, त्याच वर्षी त्याच नर्मदेसाठी त्यांना जगातला एक मोठा पुरस्कार मिळाला.

हे सगळं नेमकं कसं घडलं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

जहागीरदाराचा पोरगा

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. वडील इंग्रज सरकारचे अधिकारी, घरची जमीनदारी वरोऱ्याजवळच्या गोरजा गावात. 'बाबा' हे नाव घरातलंच, लहानपणापासूनचं. ते कुठल्या महाराजपणातून आलेलं नाही. पोरगा लाडाचा. शिकारीचा नाद, स्वतःची बंदूक, पुढे मोटारगाडी. हॉलिवूडच्या सिनेमांवर इंग्रजी मासिकात लिहायचे आणि ग्रेटा गार्बोसारख्या नटीशी पत्रव्यवहार करायचे. वकिली शिकले आणि प्रॅक्टिस सुरू केली.

मग गांधी, सेवाग्राम, १९४२ चं आंदोलन. अटकेतल्या पुढाऱ्यांचे खटले लढवायला वकील गोळा केले म्हणून स्वतः तुरुंगात जाऊन आले. १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी लग्न झालं, त्या पुढे सगळ्यांच्या साधनाताई झाल्या. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचं दुःख कळावं म्हणून बाबांनी स्वतः मैल्याच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या. याच काळात पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला आणि बाबा घाबरून तिथून निघून गेले. कशालाच न घाबरणारा माणूस एका आजाऱ्याला घाबरला, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. ते परत गेले. तुळशीराम वाचला नाही. बाबांचं पुढचं आयुष्य मात्र तिथून बदललं.

कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन ते कुष्ठरोगाचं प्रशिक्षण घेऊन आले. प्रयोगासाठी जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घ्यायलाही तयार झाले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारने दिलेली पन्नास एकर जमीन म्हणजे दगड, झुडपं, विंचू आणि साप. तिथे १९५१ साली सहा रुग्ण, साधनाताई, दोन लहान मुलं, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झालं. उद्घाटनाला विनोबा भावे होते.

पुढचं बहुतेकांना माहिती आहे. शेती, हातमाग, कॉलेज, अंधांची शाळा, मग मूल तालुक्यातलं सोमनाथ, मग १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलातलं हेमलकसा. यवतमाळ जिल्ह्यातही झरी-जामणी तालुक्यातल्या मूळगव्हाणला आनंदवनाच्या संस्थेने शेती आणि पाण्याचं काम उभं केलं.

सगळ्या पक्षांचे लाडके

या काळात बाबांवर राजकीय टीका जवळपास नव्हतीच. का असेल? कुष्ठरोग्याची सेवा करणाऱ्या माणसाला विरोध करून कुठल्या पक्षाला मतं मिळणार? उलट सरकारने जे करायला हवं होतं, ते हा माणूस स्वतःच्या हिमतीवर करत होता. त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढणं सोयीचं होतं.

त्यामुळे पुरस्कार येत गेले. १९७१ ला पद्मश्री, १९७९ ला जमनालाल बजाज पुरस्कार, १९८५ ला मॅगसेसे, १९८६ ला पद्मविभूषण. १९८८ साली संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच यादीत नेल्सन मंडेला होते आणि मंडेला अजून तुरुंगात होते. १९९० चं टेम्पल्टन पारितोषिक त्यांना ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ चार्ल्स बर्च यांच्यासोबत विभागून मिळालं.

पण एक बारीकशी ठिणगी आधीच पडली होती.

हेमलकसाच्या परिसरात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं ठरत होती. गडचिरोली आणि बस्तरचं जंगल बुडणार होतं, माडिया-गोंडांची गावं बुडणार होती. आदिवासी नेते लालश्याम शाह यांच्यासारखी माणसं रस्त्यावर उतरली आणि बाबाही त्यांच्यासोबत उभे राहिले. जंगल वाचवा, माणूस वाचवा अशी ती १९८३-८४ ची चळवळ होती. बाबांनी थेट पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहून धरणांबद्दलची काळजी कळवली. दोन्ही प्रकल्प मागे पडले आणि आजही झालेले नाहीत. तेव्हा सरकारने ऐकून घेतलं आणि बाबांच्या प्रतिमेलाही काही धक्का लागला नाही.

नर्मदेच्या वेळी तसं होणार नव्हतं.

नर्मदेवर पैसे लागलेले होते, मतंही

सरदार सरोवराची पायाभरणी १९६१ मध्ये नेहरूंनी केली. मग पाणी कुणाचं यावर राज्यं भांडली, लवाद बसला आणि १९७९ मध्ये निवाडा झाला. १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. १९८७ मध्ये राजीव गांधी सरकारने पर्यावरणाची सशर्त मंजुरी दिली. म्हणजे बाबांना पद्मविभूषण दिल्याच्या पुढच्याच वर्षी.

धरणात सुमारे ३७ हजार हेक्टर जमीन जाणार होती. त्यातली १३ हजार हेक्टरहून जास्त जंगलाची. मध्य प्रदेशातली १९३, महाराष्ट्रातली ३३ आणि गुजरातमधली १९ अशी २४५ गावं बाधित. महाराष्ट्रातली गावं अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली. बहुतेक वस्ती आदिवासींची, आणि अनेकांकडे जमिनीचा कागदच नाही. कागद नाही म्हणजे भरपाईच्या यादीत नाव नाही.

दुसरी बाजूही खरी होती. गुजरातला सुमारे १८ लाख हेक्टर जमीन भिजवण्याचं स्वप्न दाखवलं होतं. कच्छ आणि सौराष्ट्रातल्या बायका कित्येक मैल पाणी वाहत होत्या, ऐंशीच्या दशकात तिथे ओळीने दुष्काळ पडले होते. यवतमाळच्या कोरडवाहू कापसवाल्याला हे पटकन समजेल. पाऊस दगा देतो तेव्हा धरणाला विरोध करणारा माणूस शत्रूच वाटतो. आणि त्याच यवतमाळ जिल्ह्यात निम्न पैनगंगा प्रकल्पाच्या बुडीत पट्ट्यातली गावं वर्षानुवर्षं धरण नको म्हणून बसली आहेत, त्यांनाही हे समजेल. दोन्ही माणसं शेतकरीच.

महाराष्ट्र सरकारही यात त्रयस्थ नव्हतं. धरणाच्या विजेत मध्य प्रदेशचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६.

१९८८ च्या जुलैमध्ये देशभरातले पर्यावरण कार्यकर्ते आनंदवनात जमले आणि मोठ्या धरणांविरोधात एकत्र भूमिका घेतली. सप्टेंबर १९८९ मध्ये मध्य प्रदेशातल्या हरसूदला प्रचंड मेळावा झाला, बाबा तिथे होते. हरसूद हे गावही पुढे नर्मदेच्याच दुसऱ्या एका धरणात बुडालं.

आणि १९९० मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाबांनी आनंदवन सोडलं. चाळीस वर्षांत उभं केलेलं सगळं मुलांच्या हाती दिलं आणि साधनाताईंसोबत बडवानीजवळ कसरावदला, नर्मदेच्या काठावर राहायला गेले. मणक्याचा आजार इतका बळावलेला की ते बसू शकत नसत. एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. प्रवास गाडीत पलंगावर झोपून. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेली भारत जोडो सायकल यात्रा त्यांनी अशीच केली होती, पोरं सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे.

फेरकुवाचा पूल

१९९० च्या मे महिन्यात आंदोलक दिल्लीत पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या घरासमोर ठिय्या देऊन बसले. प्रकल्पाचा फेरविचार करू, असं आश्वासन मिळालं. गुजरातमध्ये त्यावरून गदारोळ झाला. वर्ष संपायच्या आत दिल्लीतलं सरकारच पडलं आणि चंद्रशेखर पंतप्रधान झाले. आश्वासन हवेत विरलं.

मग आंदोलकांनी ठरवलं की थेट धरणावर चालत जायचं. २५ डिसेंबर १९९० ला बडवानीच्या राजघाटावरून काही हजार माणसं निघाली. दुसऱ्या दिवशी बाबांना ७६ वर्षं पूर्ण होणार होती. ते गाडीत आडवे, आजूबाजूला भिल्ल-पावरा बायाबापडे आणि निमाडचे शेतकरी, पुढे मेधा पाटकर.

गुजरातच्या सीमेवर फेरकुवाला पोलिसांनी मोर्चा अडवला. तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री होते चिमणभाई पटेल. पलीकडच्या बाजूला धरणाच्या समर्थकांची गर्दी उभी केलेली होती आणि तिच्या पुढे मुख्यमंत्र्यांच्या पत्नी ऊर्मिलाबेन पटेल होत्या. अलीकडे धरणग्रस्त, पलीकडे धरणाची वाट बघणारे आणि मध्ये पोलीस. आंदोलकांनी आपण हिंसा करणार नाही हे दिसावं म्हणून स्वतःचे हात दोरीने बांधून घेतले आणि तुकड्या-तुकड्यांनी सीमा ओलांडायचा प्रयत्न केला. त्यांना मारहाण झाली, अटक झाली.

जानेवारीच्या थंडीत तिथेच उघड्यावर मुक्काम पडला. ७ जानेवारी १९९१ ला मेधा पाटकरांसह सात जणांनी उपोषण सुरू केलं, ते तीन आठवडे चाललं. बाबा तिथून हलले नाहीत.

गुजरातमध्ये धरणाबाबत काँग्रेस, भाजप, जनता दल असा भेद उरलाच नव्हता. धरणाला विरोध म्हणजे गुजरातला विरोध, हे समीकरण पक्कं झालं होतं. आंदोलक परदेशी पैशावर चालतात, विकासाच्या आड येतात, असे आरोप सुरू झाले. आज सोशल मीडियावर एखाद्या पर्यावरणवाल्याला जी विशेषणं लावली जातात, त्यातली बरीचशी तेव्हाच तयार झाली होती. गुजरातमधले काही सर्वोदयी कार्यकर्तेही धरणाच्या बाजूने होते, म्हणजे गांधींचं नाव दोन्ही तंबूंत होतं. कालपर्यंत ज्यांना संत म्हणायचे, त्यांनाच गुजरातच्या वेशीवर अडवून ठेवलं होतं.

मोर्चा धरणापर्यंत पोहोचला नाही. पण फेरकुवाच्या बातम्या जगभर गेल्या आणि जागतिक बँकेवर प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करण्याची वेळ आली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घ्यायचं नाही असं ठरवलं आणि बँक बाहेर पडली.

एक पुरस्कार आला, दोन गेले

याच १९९१ मध्ये बाबांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण परत केलं. नर्मदेच्या खोऱ्यातल्या आदिवासींना सरकार जसं वागवत होतं, त्याचा हा निषेध होता. ज्या सरकारने छातीवर पदक लावलं तेच सरकार या माणसांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावतंय, मग ते पदक ठेवायचं कशाला, असा साधा हिशेब.

आणि त्याच वर्षी 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार जाहीर झाला. जर्मन-स्वीडिश लेखक याकोब फॉन युक्सकुल यांनी स्वतःचा टपाल तिकिटांचा संग्रह विकून १९८० मध्ये हा पुरस्कार सुरू केला होता. नोबेल समितीने पर्यावरण आणि गरिबी या विषयांसाठी वेगळं पारितोषिक ठेवावं अशी त्यांची इच्छा होती, ते झालं नाही म्हणून त्यांनी स्वतःच सुरू केलं. लोक त्याला पर्यायी नोबेल म्हणतात. १९९१ ला तो मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाओ आंदोलनाला मिळाला. पुरस्काराचं कारण स्पष्ट होतं : नर्मदेवरच्या धरणांना केलेला विरोध आणि गरिबांच्या, निसर्गाच्या बाजूचे पर्याय मांडणं.

बाबांच्या आधीच्या मोठ्या पुरस्कारांपेक्षा हा वेगळा होता तो इथे. आधीचे सगळे सेवेसाठी होते. हा सरकारशी भांडल्याबद्दल होता. बाहेरच्या जगाने पाठ थोपटली, पण त्यामुळे धरणाच्या समर्थकांचा परदेशी हाताचा आरोप आणखीच जोरात आला. बाहेरून मिळालेला सन्मान घरात पुरावा म्हणून वापरला जातो, हे आजच्या तरुण पर्यावरण कार्यकर्त्यांच्या बाबतीतही दिसतं.

यवतमाळ जिल्ह्यातलंच एक जुनं उदाहरण इथे आठवतं. वणीचे लोकनायक बापूजी अणे. १० जुलै १९३० ला त्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून इंग्रजांचा जंगल कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. जंगलावर हक्क गावकऱ्यांचा, हे सांगायला केलेला तो सत्याग्रह. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते १९६८ मध्ये. तोपर्यंत इंग्रज जाऊन वीस वर्षं झाली होती आणि पुसदच्या गवताचा कुणाला त्रास होण्यासारखा नव्हता. बाबांचा गुन्हा असा की त्यांनी पदक आधी घेतलं आणि भांडण नंतर काढलं.

बाबांना पुन्हा पुरस्कार

सरकारांनी मात्र बाबांना पूर्णपणे सोडून दिलं नाही. बाबा कसरावदलाच होते, धरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात सुरू होता, आणि केंद्र सरकारने १९९९ चा गांधी शांतता पुरस्कार त्यांना दिला. रक्कम एक कोटी. त्याच वर्षीचा डॉ. आंबेडकर आंतरराष्ट्रीय पुरस्कारही त्यांनाच. गांधी पुरस्कारात भर होता तो कुष्ठरोग्यांच्या कामावर. म्हणजे आनंदवनातल्या बाबांचा सत्कार आणि नर्मदेवरच्या बाबांबद्दल मौन, अशी सोयीची विभागणी झाली. ती आजही टिकून आहे. बाबांच्या पुण्यतिथीला नेतेमंडळी ज्या पोस्ट टाकतात त्या एकदा वाचून बघा. त्यात आनंदवन हमखास सापडेल, कसरावद शोधावं लागेल.

मग पुरस्कार परत करणाऱ्या बाबांनी हे नवे पुरस्कार का घेतले, हा प्रश्न रास्त आहे. बाबांच्या बाजूने एवढं म्हणता येतं की आनंदवनात हजारो माणसं जेवत होती आणि संस्थेला पैसा लागत होता. तरीही १९९१ चा निषेध यामुळे थोडा फिका पडला, असं कुणी म्हटलं तर ते खोडून काढणं सोपं नाही.

१८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी दिली. आधी ९० मीटरपर्यंत आणि पुढे पुनर्वसन होईल तसतशी टप्प्याटप्प्याने उंची. बाबा तोवर ८५ वर्षांचे झाले होते. दहा वर्षं नर्मदेकाठी काढून ते आणि साधनाताई आनंदवनात परतले. २००४ चा महाराष्ट्र भूषण त्यांना मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनात त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना अग्नी दिला नाही, तिथल्याच मातीत पुरलं.

धरण पूर्ण झालं. १७ सप्टेंबर २०१७ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते लोकार्पण झालं आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरला. कच्छपर्यंत पाणी गेलं. ज्या राजघाटावरून १९९० ला मोर्चा निघाला होता, तिथे महात्मा गांधी, कस्तुरबा आणि महादेव देसाई यांच्या अस्थींचं स्मारक होतं. २०१७ च्या जुलैमध्ये, आंदोलकांचा विरोध सुरू असतानाच, प्रशासनाने त्या अस्थी उकरून दुसरीकडे हलवल्या. राजघाट आता पाण्याखाली आहे.